आधी लाइन की आधी कॉर्नर? तुम्ही विचारलंत म्हणून

पाडव्याला श्रीखंड वाढता वाढता कोणीतरी विचारतंच. एप्रिल आला, अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट आला, म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडायचे दिवस, "वहिनी, लायन्सनी आधी डिफेन्सिव्ह लाइन भरावी की कॉर्नरबॅक घ्यावा?" लायन्स म्हणजे आपला डेट्रॉईटचा संघ. डिफेन्सिव्ह लाइन म्हणजे बचावाची पुढची फळी, पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारी. कॉर्नरबॅक, म्हणजे कॉर्नर, हा पास झेलायला पळणाऱ्या रिसीव्हरला चिकटून राहणारा बचावपटू. मी लाइन म्हणते. लगेच पुढचं वाक्य ठरलेलं: "आणि मग त्या रात्रीचं काय?" त्या रात्रीचं मी विसरले असेन असं तुम्हाला खरंच वाटतं?

रिसीव्हर कुठे वळणार हे त्याच्या मागे पळणाऱ्याला ठाऊक नसतं. चांगला कॉर्नर दोन-अडीच सेकंद चिकटून राहील, चार सेकंद कोणीच नाही. क्वार्टरबॅकला तेवढा वेळ मिळतो की नाही, ते पुढची फळी ठरवते. साताऱ्यात शाळेच्या कबड्डी संघात मी उजव्या कोपऱ्यात खेळायचे. चढाई करणारीचा घोटा मी धरायचे, पण शेजारचं कव्हर वेळेवर आलं नाही की ती मला फरफटत मध्यरेषेपर्यंत न्यायची. गुण गेला की बोट मात्र माझ्याकडे.

२०२० मध्ये मीच उलट भांडत होते, हे मान्य. आपला कॉर्नर डेरियस स्ले फिलाडेल्फियाला गेला होता, कोपरा उघडा पडला होता. ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर कॉर्नर जेफ ओकुडा घेतला तेव्हा मी शेजारी पेढे दिले. पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात त्याचं टाचेमागचं अकिलीस तुटलं आणि २०२३ मध्ये पाचव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात तो अटलांटाला गेला. दुखापत झाली म्हणून निवडच चुकली म्हणणं अन्यायाचं आहे. मी तो अन्याय केला आणि लाइनवाली झाले. २०२२ मध्ये लाइनचा एडन हचिन्सन दुसऱ्या क्रमांकावर आपल्याकडे आला आणि डेट्रॉईटचाच मुलगा, कॉर्नर सॉस गार्डनर, चौथ्या क्रमांकावर न्यूयॉर्कच्या जेट्सकडे. सर्वोत्तम नवोदित बचावपटू गार्डनर ठरला. तरी मी हचिन्सनच घेतला असता.

आता ती रात्र. २८ जानेवारी २०२४, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध, जिंकलो तर सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. आमच्या बेसमेंटमध्ये पंधरा-वीस माणसं, मध्यंतराला २४-७ अशी आघाडी. १९५७ नंतर अजिंक्यपद नाही, सुपर बोल तर कधीच नाही. कोणी तिकिटांचे भाव बघत होतं, कोणी रडत होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, २४-१० असताना, त्यांचा क्वार्टरबॅक पर्डी, त्यानं रिसीव्हर आयुककडे लांब पास टाकला. आयुकसोबत पळत होता किंडल विल्डोर, मोसम बराच सरल्यावर आणलेला आपला कॉर्नर. चेंडू त्याच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटून उडाला आणि आयुकनं पडता पडता झेलला. ५१ यार्ड. लगेच टचडाउन, म्हणजे त्यांना गुण. शेवटी ३४-३१, हरलो.

माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा, शाळेच्या संघात कॉर्नर. सगळे गप्प असताना तो म्हणाला, "आई, तो जागेवर होता."

मी म्हणाले, "जागेवर असून काय उपयोग? चेंडू अडवता येत नसेल तर उभं कशाला राहायचं?"

सगळ्यांसमोर. त्यानं ताट खाली ठेवलं आणि वर गेला. उरलेला सामना त्यानं पाहिला नाही. पाहुणे गेल्यावर भांडी विसळताना नवऱ्यानं सांगितलं: ऑक्टोबरमध्ये शाळेच्या सामन्यात याच्याच हाताला लागून चेंडू समोरच्याला मिळाला होता आणि सामना गेला होता. मी त्या दिवशी ऑफिसात होते. त्यानं मला सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

मी वर गेले. दाराबाहेरूनच बोलत राहिले. म्हटलं, चूक पुढच्या फळीची असते रे, पास सुटूच द्यायला नको होता. आतून उत्तर आलं नाही.

तेव्हापासून मी लाइन म्हणते ते फुटबॉल म्हणून म्हणते की त्या दाराशी अजून बोलतेय, मला सांगता येत नाही. फुटबॉल म्हणून, असंच मी तुम्हाला सांगत आले.

त्या एप्रिलमध्ये ड्राफ्ट डेट्रॉईटलाच होता. आम्ही दोघं डाउनटाउनला गर्दीत उभे होतो. २९ वरून २४ वर सरकून लायन्सनी टेरियन आर्नल्ड घेतला, कॉर्नर. मुलगा ओरडला, त्याच्या मागोमाग मीही. ऑक्टोबरमध्ये डॅलसला हचिन्सनचा पाय मोडला. तोवर पाच सामन्यांत साडेसात सॅक होते त्याचे, म्हणजे पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं. जानेवारीत वॉशिंग्टननं आपल्यावर ४५ गुण चढवले. मी म्हटलं, बघा, लाइन. तुम्ही म्हणालात, बघा, कॉर्नर.

२०२५ मध्ये २८ व्या क्रमांकावर टायलिक विल्यम्स आला, डिफेन्सिव्ह टॅकल. मी टाळ्या वाजवल्या. मुलानं फोनमधून मान वर काढली.

"आणि पास सुटल्यावर, आई?"

मी अडीच सेकंदांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. या वेळी तो उठून गेला नाही.