ओकायामा: दोन रात्री, एक बाग आणि सोमवार टाळून

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जे फिरले आहेत, त्यांची जपानमधल्या ओकायामाशी अर्धी ओळख झालेलीच आहे. दहा एकरांची ही बाग ज्या कोराकुएनवर बेतलेली आहे, ती मूळ बाग साधारण तेहेतीस एकरांची. तरीही आपल्याकडची बरीच मंडळी ओसाका ते हिरोशिमा जाताना ओकायामाला तीन तास देतात: बॅग लॉकरमध्ये, धावत बाग, किल्ल्यासमोर फोटो आणि पुन्हा गाडीत. बाग तेवढ्यात पाहून होते. पण नेमकी उन्हाची आणि गर्दीची वेळ वाट्याला येते आणि गावाबाहेरचा किबीचा सपाट शेतांचा प्रदेश राहूनच जातो. दोन रात्री काढल्या तर सगळं निवांत बसतं. फक्त दिवसांची मांडणी नीट हवी.

आधी तिकिटाचं. शिन-ओसाकाहून शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) ओकायामा पाऊण तास, एकेरी भाडं साधारण ६,००० येन. तोक्योहून नोझोमी या जलद शिनकानसेनने सव्वातीन तासांच्या आसपास आणि १७,०००च्या घरात. क्योतो-ओसाकात मुक्काम असेल तर जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीचा पाच दिवसांचा कानसाई वाइड पास बघा. तो १२,००० येनच्या आसपास आहे (दर बदलतात, घेताना ताजा पाहा). म्हणजे ओकायामाच्या जाण्यायेण्यातच तो वसूल होतो. वाटेतलं हिमेजी आणि पुढचं कुराशिकी वरकमाई. पुढे हिरोशिमा करायचं असेल तर कानसाई-हिरोशिमा पास घ्यावा, तो १७,०००च्या आसपास. हे दोन्ही पास तोक्यो ते शिन-ओसाका या टप्प्यावर चालत नाहीत, कारण तो मार्ग दुसऱ्या कंपनीचा. सात दिवसांचा देशभराचा जेआर पास ५०,००० येनचा झाल्यापासून अशा छोट्या सहलीला परवडत नाही, शिवाय त्यावर नोझोमी आणि मिझुहो या जलद गाड्यांसाठी वेगळे पैसे भरावे लागतात.

विनाआरक्षण डब्यातून जाणार असाल तर साकुरा नावाची शिनकानसेन पकडा. बहुतेक साकुरा शिन-ओसाकाहूनच सुटतात, त्यामुळे दहा मिनिटं आधी रांगेत उभं राहिलं की जागा मिळते. नोझोमी तोक्योहून भरून येते. विनाआरक्षण डबे एक नंबरपासून सुरू होतात आणि ओकायामाकडे जाताना ते गाडीच्या पुढच्या टोकाला असतात. फलाटावर मध्येच उभं राहिलात तर बॅगा घेऊन पळापळ होते. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन आणि वर्षअखेर या तीन मोसमांत नोझोमीला विनाआरक्षण डबाच नसतो. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेली तर मागे सामानाची जागा असलेलं आसन आधी आरक्षित करावं लागतं. आपली लग्नाला नेतो ती मोठी बॅग सहज या मापाच्या वर जाते, घरीच टेप लावून बघा.

हॉटेल स्टेशनच्या पूर्वेला, चालत पाच-सात मिनिटांत. ओकायामातून सगळीकडे गाड्याच पकडायच्या असल्याने इथे स्वस्ताईसाठी लांब राहण्यात अर्थ नाही. खोलीत पाण्याची इलेक्ट्रिक किटली बहुधा असतेच. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि पिन दोन चपट्या. फोनचा चार्जर साध्या अडॅप्टरवर चालतो, पण आपली २३० व्होल्टची प्रवासी किटली किंवा खिचडीचं भांडं तिथे कोमटच्या पुढे जात नाही. ते वजन नेऊ नका.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून बॅगा टाकल्या की कुराशिकी. सान्यो मार्गाच्या साध्या गाडीने सतरा मिनिटं, तिथून बिकान भागापर्यंत दहा-बारा मिनिटं चालत. पांढऱ्या भिंतींची जुनी गोदामं, मधून कालवा, काठाला विलोची झाडं. कालव्यातल्या नावेची फेरी वीस मिनिटांची. तिकिटं त्याच दिवशी तिथल्या माहिती केंद्रात मिळतात आणि सुट्टीच्या दिवशी दुपारनंतरच्या फेऱ्या संपलेल्या असतात. नाव करायचीच असेल तर पोहोचल्यावर आधी तिकीट घ्या, मग फिरा. ओहारा संग्रहालय १९३० सालचं, पाश्चात्त्य कलेचं जपानमधलं पहिलं खासगी संग्रहालय, आणि तिथे एल ग्रेकोचं चित्र आहे. प्रवेश २,००० येन. चित्रांत रस नसेल तर बाहेरचा ग्रीक खांबांचा दर्शनी भाग बघून पुढे जायला हरकत नाही.

आता सोमवारचं. ओहारा सोमवारी बंद. आसपासची बरीच दुकानं आणि खाण्याची ठिकाणंही सोमवार पाळतात. संध्याकाळी हाच कालवा फार सुंदर दिसतो: दिवे लागतात, दिवसभराची गर्दी ओसाका-हिरोशिमाला परतलेली असते. तेव्हा जेवणासाठी ओकायामाला पळू नका, अंधार पडेपर्यंत थांबा. मात्र दुकानं पाच-सहालाच मिटतात, खरेदी त्याआधी.

दुसरा दिवस सायकलचा. या सहलीत एकच गोष्ट करता येणार असेल तर ही करावी, बाग नंतर. ओकायामा स्वतःला 'हारे नो कुनि' म्हणजे लख्ख उन्हाचा प्रदेश म्हणवतं, कारण पावसाचे दिवस इथे जपानच्या मानाने कमी. तरीही आदल्या रात्री अंदाज बघा. पाऊस असेल तर सायकलवाले दुकान उघडत नाहीत. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची अदलाबदल करा.

ओकायामाहून किबी मार्गाची डिझेल गाडी घ्यायची. या मार्गाचं टोपणनाव मोमोतारो लाइन. गाड्या तासाला एक-दोनच, त्यामुळे वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. दारं आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावं लागतं. दाराकडे बघत उभं राहणाऱ्याचं स्टेशन मागे जातं. उतरायचं बिझेन-इचिनोमियाला. स्टेशनबाहेरच सायकली भाड्याने मिळतात, दिवसाला १,००० येनच्या आसपास, आणि पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या सोजा स्टेशनजवळ त्या परत देता येतात. पैसे रोख ठेवा. सायकल ताब्यात घेतल्यावर तिथेच एक चक्कर मारून सीटची उंची आणि ब्रेक बघा. गिअर फारसे नसतात, पण रस्ता जवळजवळ सपाट आहे. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, हा मोठा दिलासा. हातात फोन धरून सायकल चालवायची नाही: एप्रिल २०२६पासून त्यासाठी जागच्या जागी दंडाची पावती आहे, १२,००० येनची. नकाशा बघायचा तर थांबून.

इथे नावांचा घोळ होतो. स्टेशनाशेजारचं देऊळ किबित्सुहिको, आणि टेकडीला वळसा घातल्यावर लागतं ते किबित्सु. पहिलं पाहून 'झालं देऊळ' म्हणत पुढे निघू नका, खरं बघायचं ते दुसरं. त्याची १४२५ सालची मुख्य वास्तू राष्ट्रीय ठेवा आहे, दोन शिखरं जोडलेलं तसलं छप्पर दुसरीकडे सहसा दिसत नाही. तिथून खाली जाणारी लाकडी ओसरी साडेतीनशे मीटरहून लांब आहे. जमीन सपाट न करता उताराबरोबर खांब उतरवत नेलेत, त्यामुळे वरच्या टोकाला उभं राहिलं की छप्पर लाटेसारखं खाली सरकताना दिसतं. त्याच आवारात चुलीवरच्या भांड्याच्या घुमण्यावरून शकुन सांगायचा विधी होतो. चुलीखाली उरा नावाच्या राक्षसाचं डोकं पुरलंय अशी कथा आहे. राक्षसांशी लढणाऱ्या मोमोतारो या मुलाची जपानी लोककथा याच राक्षसवधातून आली असं मानतात. शुक्रवारी हा विधी नसतो.

पुढे भातखाचरं. त्सुकुरियामा हा पाचव्या शतकातला दफनटेकाड, लांबी सुमारे ३५० मीटर, जपानमधला आकाराने चौथा. त्याहून मोठे तिन्ही राजघराण्याच्या ताब्यात असल्याने त्यांवर पाऊल ठेवता येत नाही. इथे मात्र सरळ वर चढता येतं. वर गेल्यावर ते टेकाड न वाटता झाडीची टेकडीच वाटते, आकार कळायला खाली येऊन लांबून बघावं लागतं. मग बिच्चू कोकुबुन्जीचा पाच मजली पॅगोडा, साधारण ३४ मीटर उंच, शेतांच्या मधोमध. एप्रिलअखेरीस भोवती गुलाबी फुलांची शेतं असतात.

किबित्सुनंतर खाण्याची सोय तुरळक. ओकायामा स्टेशनवरूनच दोन ओनिगिरी (भाताचे गोळे) आणि लिटरभर पाणी घेऊन निघा, जुलै-ऑगस्टमध्ये दुप्पट पाणी. गावांतल्या वळणांवर मार्गाच्या पाट्या चुकतात, तिथे थांबून नकाशा बघावा. आणि नकाशात वाटेतलं बिच्चू-ताकामात्सु स्टेशन शोधताना नुसतं 'ताकामात्सु' टाकलंत तर तो तुम्हाला समुद्रापलीकडे शिकोकूत नेईल. थांबत-बघत गेलं तर चार तास पुरतात. सायकल परत करायची वेळ विचारून घ्या, चार-पाचच्या सुमाराला दुकान बंद होतं. सोजाहून कुराशिकी जेमतेम दहा मिनिटांवर आहे, म्हणून पहिल्या दिवशी दिव्यांचा कालवा हुकला असेल तर आज संध्याकाळी जमतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाग. कोराकुएन २० मार्च ते ३० सप्टेंबर साडेसातला उघडते, एरवी आठला, आणि वर्षभर रोज खुली असते. स्टेशनच्या पूर्वेकडून ट्राम घ्यायची, पण *हिगाशियामा*ची. दुसरी, सेइकिबाशीची, यानागावा चौकातून दक्षिणेला वळते आणि आपला थांबा शिरोशिता त्याच्या पुढचा आहे. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे चालकाजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. पेटी उरलेले पैसे परत देत नाही, सुटे आधी त्याच यंत्रातून करून घ्यायचे. प्रवासाचं आयसी कार्ड असेल तर प्रश्नच नाही.

शिरोशिताहून दहा मिनिटं चालत त्सुरुमी पूल ओलांडून मुख्य दाराने आत जा, दक्षिण दाराने बाहेर पडा, त्सुकिमी पुलावरून किल्ला. बागेचं तिकीट साधारण ५०० येन, किल्ल्याचं ४००, जोडतिकीट किंचित स्वस्त. किल्ला नऊला उघडतो, म्हणजे साडेसातला गेलात तर दीड तास बागेला मिळतो आणि तो पुरतो.

इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली काम सुरू करवलं, १७००मध्ये बाग पुरी झाली. मोकळी हिरवळ, मध्ये तळं, भाताचा आणि चहाचा तुकडा, आणि सहा मीटरची युइशिनझान टेकडी. तिच्यावरून सगळी बाग एका नजरेत येते. र्‍यूतेन नावाचं भिंती नसलेलं घर चुकवू नका. जमिनीच्या मधोमध ओढ्याचा पाट वाहतो, पाटात सहा दगड, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या. चपला काढून बसायचं. पाणी दगडाला वळसा घालतं तेवढाच आवाज. नऊनंतर गट यायला लागले की तो ऐकू येत नाही, लवकर जायचं ते एवढ्यासाठी. हिवाळ्यात हिरवळ पिवळी पडते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती मुद्दाम जाळतात, त्यानंतर काही आठवडे मैदान काळं असतं. फोटोसाठी येणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत.

किल्ला काळा, म्हणून त्याचं नाव उजो, म्हणजे कावळा-किल्ला. १५९७चा मूळ मनोरा जून १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. आताचा १९६६चा, काँक्रीटचा, आत लिफ्टसकट. हिमेजी बघितलं असेल तर इथे आत नाही गेलात तरी चालेल. बाहेरून फिरून खरा जुना उरलेला त्सुकिमी बुरूज आणि जोत्याचे दगड बघा.

शाकाहाऱ्यांना इथे इतर जपानसारखाच त्रास: मासा दिसत नाही, पण रश्शात दाशी (बहुधा माशाचा अर्क) असते, उदोन या शेवयांच्या पाण्यातही. 'निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशी मो दामे देसु' (मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही) हे जपानी लिपीत फोनवर ठेवा, बोलण्यापेक्षा दाखवलेलं कळतं. मेतकूट, कोरडी चटणी, उपम्याचं पाकीट बरोबर असू द्या; मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं मात्र जपानमध्ये नेता येत नाहीत. मासे खाणाऱ्यांनी बाराझुशी हा मासे घातलेल्या भाताचा पदार्थ घ्यावा. एका सरदाराने जेवणात एक रस्सा, एक तोंडीलावणं एवढंच चालेल असा हुकूम काढला, म्हणून लोक भाताखाली मासे लपवू लागले, अशी त्याची गोष्ट सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये पांढरे पीच, एक घ्यायचा आणि तिथेच खायचा, बॅगेत टिकत नाही. घरी आणायला किबीदांगो ही मिठाई बरी. नाव वरीसारख्या भरड धान्यावरून असलं तरी आता मुख्य माल चिकट तांदळाचं पीठ आणि साखर. डब्यावरची शेवटची तारीख बघून घ्या, फार लांबची नसते.