अँटिव्हायरस एका संध्याकाळी ठरला, जुना काढायला नऊ दिवस गेले

नाशिकला मखमलाबाद नाक्याजवळ घरीच मी लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते. मशीन २०१६ मध्ये घेतलेलं आहे. आय थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. तुळशीचं लग्न लागलं की माझा हंगाम सुरू होतो, आणि या वेळी नेमकं तेव्हाच मशीन बसलं. बटण दाबून पहिली फाइल उघडेपर्यंत कुकर होऊन जायचा.

त्यात दिंडोरीच्या एका गिऱ्हाइकाने पत्रिकेचं मॅटर पेनड्राइव्हवर आणलं. उघडलं तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. मॅटर कुठे गेलेलं नसतं, व्हायरस ते लपवून ठेवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर मांडतो. त्या शॉर्टकटवर क्लिक केलं की तो आपल्या मशीनमध्ये शिरतो. मी क्लिक केलं नाही, पण पाय लटपटले. माझ्याकडच्या विकतच्या अँटिव्हायरसची मुदत गणपतीतच संपली होती. नवे अपडेट तो घेत नव्हता, दर अर्ध्या तासाने ‘रिन्यू करा’ एवढं मात्र सांगत होता.

पुन्हा पैसे भरायचे नाहीत, फुकटचा चांगला बघायचा, असं ठरवलं. निवड अवघड जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. अवास्ट, एव्हीजी, अविरा ही नावं सगळीकडे दिसतात, पण तिन्ही आता एकाच कंपनीकडे आहेत, त्यामुळे तिघांत तुलना करत बसण्यात फार अर्थ नाही. लोकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, हे वाचल्यावर मी ते पान बंद केलं. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही संस्था अँटिव्हायरसमुळे मशीन किती मंदावतं याची चाचणी घेते. तिचे तक्ते जरूर बघा, मात्र चाचणीच्या मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क असते, आपल्याकडच्या जुन्या डिस्कवर आकडे तसेच येतील असं धरू नका. शेवटी विंडोजबरोबर येणारा डिफेंडरच ठेवायचं ठरवलं. तो वेगळा उतरवावा लागत नाही, जाहिराती दाखवत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, असं मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलंय. (विंडोजच्या स्वतःच्या दुरुस्त्यांचं तसं नाही. त्यासाठी वाढीव वर्षाची नोंदणी वेगळी करावी लागते, ती मी केली.)

हे सगळं एका संध्याकाळी उरकलं. पुढचे नऊ दिवस मात्र मी अजून विसरलेले नाही.

डिफेंडर बंद होता, कारण विंडोजच्या लेखी घराचा राखणदार अजून तो जुनाच होता. चालू करायला गेलं की जुन्याचीच खिडकी उघडायची. म्हणून आधी जुना काढायला घेतला, तर त्याने पासवर्ड मागितला. काढून टाकायला पासवर्ड! तीन वर्षांपूर्वी एम. जी. रोडवरच्या ज्या दुकानातून घेतला, तिथल्या मुलाने टाकताना तो ठेवला होता. मला कधी सांगितलाच नाही, आणि विचारायला हवा हे मलाही सुचलं नाही.

फोन केला. “ताई, तो मुलगा आता आमच्याकडे नाही.” दोन दिवस वाट बघून स्वतः गेले. दुकानदार म्हणाला, “रिन्यू करा, लगेच पासवर्ड बदलून देतो.” म्हटलं, मला चालू ठेवायचाच नाहीये, काढायचाय. “मग मशीन आणा, फॉरमॅट मारून देतो.” फॉरमॅट! सगळ्या जुन्या पत्रिकांचे नमुने, फॉन्ट, गिऱ्हाइकांची प्रूफं त्या मशीनवर, आणि एका पासवर्डसाठी ते सगळं उतरवून पुन्हा चढवायचं? मी तशीच परत आले. रविवार कारंज्यापर्यंत रिक्षा बघायचंही भान नव्हतं, इतका संताप झाला होता.

मग कंपनीची हेल्पलाइन. त्यांनी प्रॉडक्ट की मागितली. खोका कधीच रद्दीत गेलेला. (की त्या प्रोग्रॅमच्या माहितीच्या पानावरही असते, हे मला दोन फोननंतर कळलं. तुम्ही आधी तिथेच बघा.) की दिली, तर म्हणाले, नोंदणीच्या मोबाइलवर ओटीपी जाईल तो सांगा. माझ्या फोनवर काही येईना. तिसऱ्या फोनला एका मुलीने शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. तो नंबर माझा नव्हता. दुकानाचा होता. पैसे मी भरले, मशीन माझं, आणि नोंदणी त्यांच्या नंबरावर. इतकी वर्षं रिन्यूअलच्या आठवणीचे फोन मला थेट दुकानातून का यायचे, ते तेव्हा लक्षात आलं.

नंबर बदलायला बिल लागणार होतं. बिल मी जपून ठेवलं होतं, पण ते गुळगुळीत कागदावरचं, अक्षरं पार उडालेली. खिडकीत उन्हाला तिरकं धरून मी बिल नंबर वाचला, मोबाइलवर फोटो काढून ठळक केला आणि ईमेल केला. अशी बिलं घेतल्या दिवशीच झेरॉक्स करून ठेवा, नुसती जपून उपयोग नाही. तीन दिवस काहीच नाही. मी रोज सकाळी तक्रार क्रमांक सांगून फोन करत होते, रोज ‘वरच्या विभागाकडे पाठवलंय’ हे उत्तर. त्या दिवसांत इंटरनेटची वायर काढून ठेवली, कुणाचाही पेनड्राइव्ह लावला नाही, गिऱ्हाइकांना मॅटरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागितले आणि मोबाइल शेजारी ठेवून बघून टाइप केलं. मुहूर्त काही माझ्यासाठी थांबणार नव्हते.

नवव्या दिवशी ईमेलमध्ये जुना काढून टाकणारं त्यांचं छोटं टूल आलं. ते सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू करून, चालवायचं होतं. शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ चा आकडा. आमचे हे मागे उभे राहून, “मुलाला बोलवू का?” विचारत होते. नको म्हटलं. मशीन पुन्हा सुरू झालं, विंडोज सिक्युरिटी उघडली, तर डिफेंडर आपोआप जागा झालेला, हिरवी खूण. मला खरंच रडू आलं.

नेहमीच्या दुकानातून नवा अँटिव्हायरस विकत घेणार असाल तर पासवर्ड आणि नोंदणीचा नंबर तिथेच, पैसे देण्याआधी, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि जुना काढल्याशिवाय दुसरा टाकू नका. दोघेही उघडणारी प्रत्येक फाइल आधी आपण तपासायला धावतात, ४ जीबीच्या मशीनला ते झेपत नाही.

डिफेंडरचं पहिलं पूर्ण स्कॅन साडेतीन तास चाललं, तेव्हा मशीन पुन्हा गोगलगाय झालं. घाबरू नका, ते पहिल्यांदाच इतकं लांबतं. आता विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा भाग) त्याची वेळ मी दुपारी जेवणाची ठेवलीय. स्कॅनने प्रोसेसरचा किती भाग वापरायचा तेही कमी करता येतं, मुळात ते ५० टक्क्यांवर असतं.

मनात शंका राहिली तर मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर उतरवून एकदा चालवा. ते फुकट आहे, दहा दिवसांनी आपोआप बाद होतं, मग नवं घ्यायचं. मालवेअरबाइट्सची फुकटची आवृत्तीही अशी अधूनमधून तपासायला बरी, पण ती कायमचा पहारा देत नाही. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून बॉट (आपलं मशीन परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम) काढायची टूल्स फुकट देतं.

वेगाबद्दल मात्र खरं सांगते. अँटिव्हायरस बदलल्याने त्या पॉपअपपासून सुटका झाली, मशीन थोडंसं हललं, एवढंच. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’ सतत १०० टक्के दिसत असेल तर दोष डिस्कचा आहे. डिसेंबरात मी पावणेदोन हजारांची एसएसडी बसवली, त्याच मशीनवर आता पत्रिका पाऊण मिनिटात समोर येते.

दिंडोरीच्या पेनड्राइव्हवर स्कॅन करून, मग कमांड प्रॉम्प्टमधून लपवलेलं मॅटर पुन्हा दिसतं केलं. पत्रिका लग्नाच्या अठरा दिवस आधी छापून गेल्या. कंपनीकडून ‘आपली तक्रार सुटली का?’ असा ईमेल आला होता. पासवर्ड आणि नोंदणी खरेदी करणाऱ्याच्याच नावावर असली पाहिजे, असं मी त्यांना सविस्तर लिहून पाठवलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून गेल्या सोमवारी पुन्हा पाठवलंय.