बावीस नंबरचं मशीन

रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद झाली की चाळीसेक पीसी रात्रभर रिकामे. भूगोलाच्या मॅडमना वादळाच्या पाण्याचा हिशोब हवा होता: ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलेलं निसर्ग वादळ थेट दाभोळवर आलं असतं, तेव्हा भरती असती, वारा आणखी जोरात असता, तर पाणी किती चढलं असतं? अशा शेकडो शक्यता.

एकच वादळ सगळ्या मशीनवर वाटून उपयोग नव्हता. हिशोबासाठी समुद्राचे छोटे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाची पातळी शेजारच्या चौकोनांवरून काढावी लागते, त्यामुळे मशीन सारखी एकमेकांना विचारत बसतात आणि आमच्या साध्या नेटवर्कवर त्यातच रात्र जाते. पण प्रत्येक मशीनला अख्खं वेगळं वादळ दिलं, की कुणाचं कुणावाचून अडत नाही. ग्रिड कम्प्युटिंगला, म्हणजे नेटवर्कवरच्या अनेक मशीनना काम वाटून देण्याला, असंच काम मानवतं. मी एचटीकॉन्डर वापरतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ पासून वाढलेलं सॉफ्टवेअर. रिकामं मशीन शोधून काम देतं, कीबोर्डला कुणाचा हात लागला की काढून घेतं. लाइट गेली तरी काम पुन्हा रांगेत. आमच्याकडे पावसाळ्यात याची किंमत कळते.

प्रत्येक वादळ दोन मशीनवर चालवायचं, हा माझा हट्ट. परग्रहावरच्या संदेशांचा शोध लोकांच्या घरच्या कम्प्युटरवर वाटून देणाऱ्या, १९९९ मध्ये बर्कलीहून सुरू झालेल्या सेटी@होममध्येही एकच तुकडा एकाहून जास्त घरांत पाठवून उत्तरं जुळवत. ‘निम्मा वेळ फुकट,’ असं एक सहकारी म्हणाले. यंत्र चालू आहे म्हणजे ते बरोबरच आहे, असं मानणारी माणसं शिक्षणक्षेत्रात फार आहेत.

एका सकाळी दाभोळ खाडीच्या तोंडाशी दोन उत्तरांत हातभर फरक. तिसरं मशीन एकाच्या बाजूने गेलं. मागचे न जुळलेले निकाल काढले, तर प्रत्येकात बावीस नंबर होताच. प्रोसेसर सगळीकडे एकच, म्हणजे वेगळ्या प्रोसेसरवर दशांश वेगळे तोडले गेल्याने पडतो तसला फरक नाही. मशीन हँग नाही, निळा स्क्रीन नाही, लॉगमध्ये काम नीट संपल्याची नोंद.

मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावला. बराच वेळ स्वच्छ, मग चुकांच्या लाल ओळी. रॅम काढली तर सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर. ही खिडकी समुद्राकडची. खोडरबरने घासल्यावर ओळी कमी झाल्या, थांबल्या नाहीत. दुसरी रॅम घातली, तेव्हा उत्तरं जुळली. खारी हवा की मुळात बिघडलेली चिप, हे अजून मला ठरवता येत नाही. सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये एखादा बिट उलटला तर तो पकडून दुरुस्त होतो. लॅबच्या पीसीत ती सोय नसते.

मॅडमचं काम वाचलं. पण पदार्थविज्ञानाच्या सरांची गेल्या वर्षीची आकडेमोड याच मशीनवर झाली होती, एकदाच. त्यांच्याकडून फाइली मागून घेतल्यात. आज रात्री दोन मशीनवर लावतोय.