चिआंग मायला कायमचं राहायला जावं का? धुराच्या दिवसांत राहून आल्यावर

निवृत्तीनंतर ब्रिटनमधला हिवाळा चुकवावा, पेन्शनमध्ये निभेल अशा उबदार देशात राहावं, हा विषय आमच्या घरात कितीतरी दिवस घोळत होता. ओळखीत ज्यांनी ज्यांनी चौकशी केली होती, ते सगळे फिरून चिआंग मायवरच येत. म्हणून आम्ही दोघं उत्तर थायलंडमधल्या ह्या शहरात भाड्याने राहून आलो, आणि मुद्दाम मार्चमध्ये गेलो. डिसेंबरात हे शहर कोणालाही आवडेल. सकाळी शाल घ्यावीशी वाटणारा गारवा, जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या कडेने फिरायला निघालेली माणसं, निरभ्र आकाश. त्या हवेत घेतलेला निर्णय पुढच्या महिन्यांत टिकेल का, हे बघायचं तर धुरातच जायला हवं.

साधारण फेब्रुवारी ते एप्रिल डोंगरातली जंगलं पेटतात, मक्याची धाटं जाळली जातात, म्यानमार आणि लाओसकडूनही धूर येतो, आणि डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात तो साचून राहतो. हवेतल्या सूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सांगितली आहे, थायलंडची स्वतःची ३७.५ आहे. आम्ही होतो तेव्हा शंभरी ओलांडणं नित्याचं होतं. आमची बाल्कनी पश्चिमेला होती. समोर दोई सुथेप, १,६७६ मीटर उंचीचा डोंगर, पण कित्येक सकाळी तिथे डोंगर आहे हे फक्त नकाशावरून कळत होतं. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी येऊन बाल्कनीच्या दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कसा घट्ट बसवायचा ते करून दाखवलं. हवा शुद्ध करणारं यंत्र रात्रभर चालू असे. त्याची पांढरीशुभ्र जाळी बघता बघता करडी झाली, आणि ती हातात घेतल्यावर माझ्या नवऱ्याने कागद-पेन काढून नव्याने हिशेब मांडायला घेतला.

कारण ज्यांना परवडतं ते जुने रहिवासी ह्या काळात दक्षिणेला समुद्रकाठी जातात. म्हणजे चिआंग मायचं भाडं चालूच, वर तिथलं वेगळं. ‘महिन्याला इतक्यात भागतं’ असं सांगणारे हा खर्च धरत नाहीत. तुम्ही धरा. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो ऐच्छिक समजू नका.

एरवी रोजचं राहणं खरोखर स्वस्त आहे. निम्मान भागात एका बेडरूमचा सुसज्ज फ्लॅट वर्षाच्या कराराने साधारण १२ ते २० हजार बात (थाई चलन) महिना, शहराबाहेर हांग दोंग किंवा सान साईकडे गेलात तर त्याहून कमी. दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतात. भाडं ठरवण्याआधी विजेचा दर विचारा. सरकारी दर युनिटला चार-साडेचार बातच्या आसपास, पण काही इमारती सात-आठ लावतात, आणि उन्हाळ्यात एसी सतत चालतो. घरमालकाने तुमचा मुक्काम २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचा असतो, त्याला टीएम-३० म्हणतात. त्याची पावती मागून घ्या, पुढच्या प्रत्येक कागदाला ती लागते. थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा डिजिटल फॉर्म भरायचा असतो. तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं ‘जे’ शोधा. तिथे माशाचा सॉसही नसतो. बाकी ठिकाणी भाजीत तो असतोच असं धरून चाला.

आता मुख्य गोष्ट, पैसा. निवृत्तांसाठीच्या मुक्कामाला वय ५० पूर्ण हवं, आणि थाई बँकेत ८ लाख बात, किंवा दरमहा ६५,००० बात उत्पन्न. ब्रिटिश वकिलातीने उत्पन्नाचं पत्र देणं २०१९ पासून बंद केलं आहे, त्यामुळे आपल्यासाठी दरमहा पैसे थाई खात्यात आलेले दाखवणं हाच उत्पन्नाचा पुरावा. ८ लाखांचा मार्ग घेतलात तर अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने त्याला हात लावायचा नाही, उरलेल्या वर्षातही शिल्लक ४ लाखांखाली जाऊ द्यायची नाही. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, देशाबाहेर जाण्यापूर्वी पुन्हा प्रवेशाचा परवाना घ्यायचा, नाहीतर मुक्कामाची मुदत रद्द होते. काम करायला परवानगी नाही. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. फ्लॅट होतो, पण इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांच्या आत. माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं विकत घेण्याचा विषयच काढू नका.

आणि ब्रिटिश सरकारी पेन्शन. थायलंडमध्ये स्थायिक झालात की ती गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये पूर्ण नवी पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होती, एप्रिल २०२५ मध्ये ती २३०.२५ झाली. २०१६ ला निवृत्त होऊन लगेच तिकडे गेलेल्या माणसाला अजून १५५.६५ च मिळतात, आणि तिथल्या किमती काही त्याच्यासाठी थांबत नाहीत. आयुष्यभर वर्गणी भरलेल्यांशी हे वागणं अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं. भारतात परतलात तरी हाच नियम. फिलिपिन्समध्ये मात्र वाढ मिळते, त्यामुळे देश निवडताना वाढ कुठे मिळते त्या देशांची यादी आधी उघडा. शिवाय वर्षात १८० दिवस किंवा जास्त थायलंडमध्ये राहिलात तर तिथले करनिवासी होता, आणि २०२४ पासून मिळवलेलं बाहेरचं उत्पन्न तिथे आणलं की करपात्र ठरतं. दुहेरी कराचा करार आहे, पण कोणत्या रकमेला तो कसा लागतो हे जाणकाराला पैसे देऊन विचारण्यासारखं काम आहे.

दवाखाने चांगले आहेत. खासगी हॉस्पिटलात इंग्रजी बोलणारा माणूस सोबत देतात. अडचण विम्याची आहे. माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे. आम्ही चौकशी केली त्या प्रत्येक कंपनीने मधुमेह आणि त्यातून उद्भवणारं सगळं वगळलं, आणि हप्ता वयाबरोबर चढत जाणार तो वेगळा. म्हणजे ज्या आजाराची भीती तोच विम्याबाहेर. इकडे एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, देशात राहणाऱ्यांसाठी असते. कायमचे परतलात तर ती पुन्हा मिळते, पण मुलांकडे नुसते भेटीला आलात तर हॉस्पिटलातल्या बहुतेक उपचारांचं बिल येऊ शकतं.

पिंग नदीकाठच्या मॅककीनलाही आम्ही गेलो. १९०८ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालेली ती जागा, आता तिथे वृद्धांची देखभालही होते. मोठी झाडं, बैठी घरं, शांतता. तिथे भेटलेल्या एका विधवा बाईंनी सांगितलं ते आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं. नवरा गेल्यावर त्याच्या नावावरच्या थाई खात्यातले पैसे कोर्टाने व्यवस्थापक नेमेपर्यंत मिळाले नाहीत. मुक्कामासाठी ठेवलेली रक्कम एकाच्याच नावावर असते, म्हणून हा धोका मोठा. दोघांचं थाई मृत्युपत्र पहिल्याच वर्षी करा, आणि दुसऱ्याच्या स्वतंत्र खात्यात काही महिन्यांचा खर्च ठेवा.

फुटपाथही पाहून या. मधेच खांब, गटाराची हलणारी झाकणं, गुडघ्याएवढ्या उंच कडा. लाल सोंगथेव, म्हणजे मागे बाकं असलेली सामायिक गाडी, शहरात फिरवते, ॲपवर टॅक्सीही मिळते, पण सोंगथेवमध्ये मागून पायरीवर चढावं लागतं. सत्तरीत ते जमेल का, हे आत्ताच चढून बघा. स्कूटरचा मोह झाला तर मोटरसायकलचा वैध परवाना आहे का ते पाहा, नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते.

कायमचं जायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. घर विकायचं नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत तिथे राहायचं. आम्हाला जुलै २०२४ च्या नियमाप्रमाणे विमानतळावर व्हिसाशिवाय ६० दिवस मिळाले, आणि शहरातच १,९०० बात भरून ३० दिवस वाढवता येतात. हे नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी थाई दूतावासाच्या साइटवर खात्री करा. अशा मुक्कामात पेन्शन गोठत नाही, १८० दिवस भरत नाहीत, मधुमेहाचे डॉक्टरही तेच राहतात. विमानभाडं आणि बंद घराचा खर्च धरला तर फार बचत होत नाही, हे खरं. हिवाळ्यात तीन महिन्यांचा करार वर्षाच्या करारापेक्षा महाग पडतो आणि चांगले फ्लॅट लवकर जातात, म्हणून सप्टेंबरमध्येच बोलणी सुरू करा, आणि २०२४ च्या शरद ऋतूत पिंगचं पाणी शहरात शिरलं होतं तेव्हा ह्या इमारतीच्या तळमजल्यावर किती आलं होतं, हेही विचारा.