सही का केली नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. थेरपीला येणाऱ्या आया विचारतात, नणंद विचारते, वर्गशिक्षिकांनी तर चारदा विचारलं: त्या दिवशी शाळेत मुलाच्या शैक्षणिक आराखड्यावर सही केली असती तर काय बिघडलं असतं?

मुलगा तेव्हा तिसरीत होता. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी. पायात कॅलिपर, म्हणजे आधाराचे पट्टे, हातात वॉकर. बोलतो सावकाश पण स्पष्ट. बैठकीला गटसाधन केंद्रातून, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रातून, विशेष शिक्षक आले होते. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचा, म्हणजे या एका मुलाला काय आणि कसं शिकवायचं त्याचा, कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला तो भरलेलाच. सहीच्या जागी पेन्सिलने फुली. 'पालकांच्या अपेक्षा' या रकान्यात लिहिलेलं, 'मुलगा स्वावलंबी व्हावा.' मी हे कधीच म्हटलं नव्हतं. खाली दुसऱ्या मुलाचा कागद होता, त्याचा कोपरा दिसत होता. तिथेही हेच वाक्य, त्याच अक्षरात.

पुढे उद्दिष्टं. दुसरं उद्दिष्ट: 'लघवीची सूचना वेळेवर देणे. कालावधी सहा महिने.' वर्गात दोनदा चड्डी ओली झाली होती, त्यावरून. अहो, घरी तो हाक मारतो! शाळेत स्वच्छतागृहाच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत आणि आत धरायला काही नाही. पडण्याच्या भीतीने तो पाणीच पीत नाही. उन्हाने जीव कासावीस झाला की पितो, आणि त्याच दिवशी ते होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी भरून दिलेली बाटली रोज तशीच घरी येते, त्यावरून कळलं. मी त्याच्या दप्तरातून ती काढून टेबलावर ठेवली. दुपारचे साडेतीन वाजले होते, पाणी बुचापर्यंत होतं. सर म्हणाले, "ताई, बांधकामाचा विषय वेगळा, तो या फॉर्ममध्ये येत नाही."

मी पेन खाली ठेवलं.

भांडखोर म्हणा हवं तर. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत असं आहे. 2012च्या दुरुस्तीने आपली मुलं वंचित घटकात आली, म्हणजे त्या पालकांत आपणही प्रमाणात हवेत. शाळेची इमारत वापरता येण्याजोगी असावी, हे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी माझ्याकडे फक्त बाटली होती.

पण खरं सांगायचं तर पहिली-दुसरीत याच फुलीवर मी न वाचता सही केली होती. "तुम्हीच लिहा सर, मला काय कळतंय," हे माझेच शब्द. मग तिसरीत त्यांनी विचारायचं तरी का? सर वाईट नाहीत, कितीतरी शाळा एकटे मोटरसायकलवर फिरतात. आणि सहीवाचून कागद दीड महिना अडकला, तेवढे दिवस सर मुलाकडे आले नाहीत. सही करून मग भांडायचं होतंस, असं नवरा म्हणतो. काही रात्री मला ते पटतं. सकाळी डबा भरताना पटत नाही.

पायऱ्यांशेजारी आता सिमेंटचा उतार झालाय. धरायला दांडी अजून नाही. बाटली अर्धी रिकामी येते.

आणखी एक आहे, ते कुणाला सांगितलेलं नाही. त्याच 2016च्या कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय की दिव्यांग मुलांना स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबतीत मत मांडता आलं पाहिजे. ते वाचलं तेव्हा पुढच्या बैठकीसाठी माझी अकरा मुद्द्यांची यादी तयार होती. त्या रात्री कॅलिपरचे पट्टे सोडताना मी त्याला पहिल्यांदाच विचारलं, शाळेत तुला काय बदलायला हवंय? तो म्हणाला, "खेळाच्या तासाला मला सगळ्यांची दप्तरं सांभाळायला बसवू नका."

त्यांच्या कागदात हे नव्हतं. माझ्या अकरा मुद्द्यांतही नव्हतं. वर्गशिक्षिका बाईंशी याबद्दल मी अजून बोललेली नाही. कोणत्या तोंडाने बोलू?