बाईंनी वेगळे करून दिलेले शब्द

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. नववीत पोचलो तरी गाठीला शब्द मोजकेच. काहीही बिघडलं, विस्कटलं, ओरडाआरडा झाला की त्या सगळ्याला आमच्याकडे 'कन्फ्यूजन' हा एकच शब्द. जिन्यात रेटारेटी झाली तरी कन्फ्यूजन, बाकावर वह्या पसरल्या तरी कन्फ्यूजन. इंग्रजीच्या बाईंना हे खपत नसे. एकदा त्या मराठीतच म्हणाल्या, "तुमची आई पसाऱ्याला गदारोळ म्हणते का? आणि सकाळच्या तारांबळीला घोळ? मराठीत हे शब्द बरोबर वेगळे ठेवता, मग इंग्रजीतच सगळे एका पोत्यात का कोंबता?"

आज मी वृत्तपत्रात इंग्रजी बातम्या मराठीत आणण्याचं काम करतो. बाईंच्या त्या प्रश्नावर माझं सगळं काम उभं आहे, असं मी मनापासून मानतो.

कन्फ्यूजन माणसाच्या डोक्यात असतं, किंवा एक गोष्ट दुसरी समजण्यात. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एकत्र ओतणं. ज्याला काही कळत नाही तो 'कन्फ्यूज्ड', आणि जे कळत नाही ते 'कन्फ्यूजिंग', हे बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं होतं. पसाऱ्याला 'मेस'. वसतिगृहाची मेस आणि टेबलावरचा मेस हा एकच शब्द, हे ऐकून आम्ही चकित झालो होतो. आधी त्याचा अर्थ वाढलेलं अन्न, मग कालवलेलं अन्न, आणि तिथून नुसताच काला.

'केऑस' ग्रीकांचा. सृष्टीच्या आधीची आ वासलेली पोकळी. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने त्याच शब्दावरून 'गॅस' हा शब्द घडवला. म्हणजे स्वयंपाकघरातला गॅस केऑसचा सख्खा नातलग. केऑसच्या आधी इंग्रजीतलं 'अ' हे उपपद लागत नाही, मेसच्या आधी लागतं. 'शॅम्बल्स' म्हणजे पुरता बोजवारा; त्याच्या शेवटी 'स' असूनही आधी 'अ' चालतं. हा शब्द खाटकांच्या फळ्यांवरून आला. यॉर्क शहरात त्या नावाची गल्ली अजून आहे.

'पॅन्डेमोनियम' इंग्रज कवी मिल्टनने १६६७ साली 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यात घडवला. सगळ्या सैतानांची राजधानी. त्यात आवाज हवाच. म्हणून संसदेतल्या गदारोळाला आपले इंग्रजी पत्रकार तो वापरतात आणि योग्यच करतात. 'मेहेम' मात्र ते फार स्वस्तात खर्च करतात, याची मला खंत आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात तो गुन्हा होता: माणसाला असं जायबंदी करणं की त्याला स्वतःचा बचावही करता येऊ नये. दिवाळीच्या आधी आमच्या ठाण्यात जांभळी नाक्यावर उसळते ती गर्दी. तिथे कोणाचं रक्त सांडलेलं नाही, तर मेहेम कसला?

'हॅवक' ही लुटीची आरोळी. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या १३८५ च्या सैनिकी नियमांत ती आपल्या मनाने देणाऱ्याला शिरच्छेदाची शिक्षा होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या बंद पडून माणसं फलाटांवर अडकली, तो केऑस. घरं पडली, माणसं गेली, तो हॅवक. मराठीत आणताना पहिल्याला मी 'गोंधळ' म्हणेन, दुसऱ्याला 'हाहाकार'. दोन्हीकडे 'गोंधळ' लिहिलं तर गेलेल्या माणसांवर अन्याय होतो.

तसा 'गोंधळ'वरही आपण अन्यायच केलाय. संबळ, तुणतुणं, पेटती दिवटी, आईचा उदो उदो. गोंधळ्यांच्या त्या विधीत प्रत्येक गोष्टीला तिची जागा आणि वेळ असते.

पण सगळ्यात जास्त वेळ बाईंनी 'बेडलॅम'ला दिला. १२४७ साली लंडनमध्ये बेथलेहेमच्या नावाने एक मठ स्थापन झाला. पुढे तिथे मनोरुग्णांचं रुग्णालय झालं. लोकांच्या तोंडी बेथलेहेमचं बेडलॅम झालं. पुढे कित्येक वर्षं बाहेरची माणसं पैसे टाकून तिथले रुग्ण बघायला जात, जत्रेत जावं तशी. आणि रुग्णालयाचं नावच आरडाओरड्याला चिकटलं.

ठाण्याच्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही. आपल्याकडचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. मुंबईतल्या किंवा गावाकडच्या नातेवाइकांकडे गेलं की 'ठाण्याचा का?' म्हणून डोक्याजवळ बोट फिरवणारा कोणीतरी भेटायचाच. 'याला ठाण्याला पाठवा' हे तर महाराष्ट्रभर म्हटलं जायचं. आमच्या वर्गातल्या एकाचे वडील त्या रुग्णालयात कामाला होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, बाबा सांगतात, दुपारी जेवणानंतर वॉर्डात पंख्याचा आवाज ऐकू येतो. तिथे आरडाओरडा नसतो." बाईंनी त्याला पुढे बोलावलं आणि हेच पुन्हा सगळ्या वर्गाला सांगायला लावलं. मग फळ्यावर बेडलॅमभोवती चौकट काढली. म्हणाल्या, "अर्थ पाठ करा, परीक्षेत आला तर लिहा. पण लिहिताना त्या शब्दात माणसं राहत होती हे माहीत असू द्या."

बातमीत बेडलॅम आला की मी 'कल्लोळ' लिहितो. 'वेड्यांचा बाजार' हा शब्द मी कधी लिहिला नाही, आणि हाताखालच्या नव्या मुलांनाही लिहू देत नाही.

'टॉप्सी-टर्व्ही', 'हेल्टर-स्केल्टर', 'हिगल्डी-पिगल्डी' असे जोडशब्दही बाईंनी दिले होते. ते आम्ही मधल्या सुट्टीत ओरडत फिरायचो.

या सगळ्या शब्दांची बाईंनी फळ्यावर केलेली यादी आम्ही वहीत उतरवून घेतली होती. माझी वही घर बदलताना गेली, आणि वर लिहिलंय ते आठवणीतून आणि नंतरच्या वाचनातून. आमच्या तुकडीतल्या कोणाकडे ती वही असेल तर तिची प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. यादीत शेवटी बाईंनी मराठी शब्दांचाही एक रकाना केला होता. त्यातले 'बजबजपुरी' आणि 'त्रेधातिरपीट' एवढेच मला आठवतात. उरलेले हवे आहेत.