मुंबईहून हावड्याला दुचाकी : पावती मिळाल्यानंतरची वाट

बदलीच्या गावी दुचाकी रेल्वेने पाठवायची म्हटली की पॅकिंग कोणाकडून करून घ्यावे, कागदपत्रे कोणती लागतात आणि भाडे किती पडते हे सांगणारे पुष्कळ लोक भेटतात. मात्र पावती हातात पडल्यानंतर दुचाकी प्रत्यक्ष डब्यात कधी चढणार, हे सांगणारा माणूस मुंबईतल्या त्या पार्सल कार्यालयाच्या खिडकीवर आम्हाला एकदाही भेटला नाही. त्या वाट पाहण्याचा त्रास अजून मनातून गेलेला नाही आणि ज्यांची बदली तोंडावर आली आहे त्यांना तो होऊ नये, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

माझी बदली मे महिन्यात मुंबईहून कोलकात्याला झाली. रस्त्याने हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे दुचाकी चालवत नेण्याचा प्रश्नच नव्हता. घरसामानाच्या ट्रकमधून ती नेण्याचा पर्याय होता, पण आमचे घरसामान फारच थोडे होते आणि केवळ दुचाकीसाठी विचारल्यावर एका वाहतूकदाराने ती आपणच भिवंडीच्या गोदामात आणून द्यावी, पुरेशा गाड्या जमल्या की निघेल, असे सांगितले. आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्यांनी त्यांची मोटार ट्रेलरने दक्षिणेत पाठवली होती. त्यांनाही ती कळंबोलीपर्यंत स्वतः न्यावी लागली होती, कारण अनेक मोटारी वाहून नेणारा लांब ट्रेलर सोसायटीच्या गल्लीत वळतच नाही. त्यापेक्षा रेल्वे बरी वाटली. हावड्याच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि लोकमान्य टिळक टर्मिनस या दोन्ही ठिकाणांहून सुटतात. जी गाडी मुंबईतच सुरू होते आणि आपल्या मुक्कामाच्या स्थानकावरच संपते, तीच निवडावी, हा सल्ला मी प्रत्येकाला देईन. मधल्या स्थानकावर गाडी चार-पाच मिनिटे थांबते, तेवढ्यात हमालांना दुचाकी उतरवणे जमले नाही तर ती पुढे निघून जाते आणि मग तिला परत आणण्याचा नवा व्याप सुरू होतो.

रेल्वेत दुचाकी दोन प्रकारे जाते. आपण त्याच गाडीने प्रवास करत असू, तर तिकिटावर ती ‘लगेज’ म्हणून नोंदवता येते आणि सहसा आपल्याबरोबरच पोहोचते. तिकीट नसेल तर ती ‘पार्सल’ म्हणून जाते. पार्सलचे भाडे कमी असते, पण ती कोणत्या दिवशी निघेल याचे बंधन रेल्वे पाळतेच असे नाही. मला तातडीने रुजू व्हायचे असल्यामुळे मी विमानाने जाणार होते, त्यामुळे पार्सलशिवाय मार्ग नव्हता. ज्यांना रेल्वेने जाणे शक्य आहे त्यांनी थोडे जास्त पैसे मोजून लगेजच करावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

तयारीचा भाग सुरळीत पार पडला. नेहमीच्या मेकॅनिकने नळीने टाकीतले पेट्रोल काढून घेतले आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवून उरलेसुरलेही संपवले. पार्सल कार्यालयात टाकीचे झाकण उघडून पाहतात आणि पेट्रोल आढळले तर दुचाकी स्वीकारत नाहीत. स्थानकाबाहेर पॅकिंग करणारी माणसे बसलेली असतात. आमच्या दुचाकीचे काम ज्याने केले तो वयस्कर गृहस्थ फार व्यवस्थित होता. त्याने आरसे काढून वेगळे बांधले, टाकीवर फोम आणि हेडलाइटवर पुठ्ठा लावला, त्यावर पेंढ्याचा थर दिला आणि मग दाभणात सुतळी ओवून गोणपाट असे घट्ट शिवत नेले की कुठे बोट शिरायला जागा राहिली नाही. चाके मात्र त्याने मोकळी ठेवली आणि हँडल लॉक करू नका असे दोनदा बजावले. ते अगदी खरे आहे, कारण हमाल दुचाकी ढकलत नेतात आणि हँडल लॉक असेल तर ती फरफटत नेली जाते. किल्ली अर्थातच आपल्याजवळ ठेवायची. पॅकिंगवर नाव, मोबाइल क्रमांक आणि ‘मुंबई ते हावडा’ हे ठळक रंगात एका बाजूला लिहून भागत नाही, दोन्ही बाजूंना लिहून घ्यावे.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते. मी परराज्यात नेण्यासाठीचे ना हरकत प्रमाणपत्र निघण्यापूर्वी काढले होते आणि त्याच्या अर्जावर, म्हणजे नमुना २८ वर, चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने उठवलेला ठसा लागतो. तो क्रमांक बहुतेक दुचाकींत हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो आणि एकदा गोणपाट शिवले गेले की तिथे हात पोहोचत नाही. म्हणून हे काम पॅकिंगच्या आधी उरकावे, आणि ई-चलनाची थकबाकीही त्याआधीच भरून टाकावी, कारण ती शिल्लक असेल तर प्रमाणपत्र अडते.

खिडकीवर फॉरवर्डिंग नोट, म्हणजे माल पाठवण्याचा अर्ज, भरून दिली, नोंदणी प्रमाणपत्राची आणि ओळखपत्राची प्रत जोडली, वजन झाले आणि पैसे भरले. कारकून एका गोष्टीविषयी आपण होऊन काहीच बोलत नाही आणि ती सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मालाची किंमत जाहीर करून त्यावरचा ‘पर्सेंटेज चार्ज’ भरला नाही, तर पार्सल हरवल्यास किंवा मोडल्यास रेल्वेची जबाबदारी किलोला ५० रुपयांपुरतीच असते. म्हणजे १४० किलोची दुचाकी पूर्ण नाहीशी झाली तरी हाती येणार ७,००० रुपये. मी विमा पॉलिसीवरची किंमत जाहीर करण्याचा आग्रह धरला, तेव्हा कारकुनाने “मॅडम, कोणी भरत नाही हे,” असे सांगून पाहिले, पण मी ते भरलेच. पावतीवर ‘पॅकिंग सदोष’ असा काही शेरा मारला आहे का, हेही तिथेच उभे राहून वाचावे. तो शेरा असला की पुढे भरपाई मागताना आपली बाजू लंगडी पडते.

पावती घेऊन मी कोलकात्याला आले आणि खरा त्रास तेव्हापासून सुरू झाला. रेल्वेच्या पार्सल संकेतस्थळावर पावतीचा क्रमांक टाकला की नोंद झाल्याचे दिसे, त्यापुढे काही नाही. गाडी रोज मुंबईहून सुटत होती, रोज हावड्याला पोहोचत होती आणि माझी दुचाकी तिच्यात नसे. आठवडा उलटल्यावर मी धाकट्या भावाला चौकशीसाठी पाठवले. तो बिचारा कामावरून सुटल्यावर लोकलच्या गर्दीतून तिथे जाई, रांगेत उभा राही आणि खिडकीवरून “जागा नाही, उद्या बघू,” एवढेच ऐकून परत येई. एके दिवशी तर मूळ पावती दाखवल्याशिवाय काहीच सांगणार नाही असे त्याला सुनावण्यात आले. मूळ पावती माझ्याजवळ कोलकात्यात होती, कारण दुचाकी सोडवताना ती इथेच लागणार होती. चौकशीला पावतीचा क्रमांक पुरेसा असायला हवा, कारण तोच क्रमांक टाकून कोणालाही संकेतस्थळावर स्थिती पाहता येते. हे भावाने सांगून पाहिले, तरी उत्तर बदलले नाही. तेव्हा मी स्वाक्षरीचे अधिकारपत्र आणि पावतीचे छायाचित्र पाठवले आणि त्यानंतर त्याला निदान आत शेडपर्यंत जाऊ दिले गेले.

शेडमध्ये दुचाकी सापडली ती अगदी मागच्या भिंतीपाशी. तिच्यापुढे कपड्यांचे गठ्ठे, यंत्रांच्या सुट्या भागांची खोकी आणि तिच्यासारख्याच गोणपाटात शिवलेल्या कितीतरी दुचाकी होत्या. तिच्या सीटवर कोणीतरी जड खोके ठेवले होते आणि त्याच्या कोपऱ्याने गोणपाट फाटून आतला पेंढा बाहेर आला होता. भावाने ते खोके खाली उतरवले, फाटलेल्या जागेचे छायाचित्र काढले आणि मला फोन केला. “ताई, ही पुढच्या रांगेत आल्याशिवाय चढणार नाही, आणि पुढे आणायला इथे पैसे मागतायत,” असे तो म्हणाला. भाडे पूर्ण भरलेले असताना तीच दुचाकी चार हात पुढे सरकवण्यासाठी वेगळे पैसे का द्यायचे, हे मला पटले नाही आणि मी द्यायचे नाहीत असे स्पष्ट सांगितले.

त्या दिवशी भावाने एक फार उपयोगाची गोष्ट केली. खिडकीवर परत न जाता तो गाडी सुटण्याच्या बराच वेळ आधी फलाटावर गेला आणि माल चढवण्याची नोंद ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटला. ते मराठी गृहस्थ होते आणि त्यांनी त्याला शांतपणे सगळे समजावून सांगितले. “अहो, बुकिंगवाल्यांचं काम पावती देण्यापुरतं. काय चढवायचं ते इथे ठरतं, आणि तेही जागा उरली तर,” असे ते म्हणाले. गाडीच्या टोकाच्या डब्यात गार्डच्या केबिनशेजारी सामानाचे कप्पे असतात. अशा एका कप्प्यात साधारण चार टन माल मावतो. त्यांतले काही कप्पे रेल्वेने निविदा काढून खाजगी ठेकेदारांना भाडेपट्ट्याने दिलेले असतात, त्यामुळे सामान्य माणसाच्या पार्सलसाठी उरते ते थोडेच. त्यातही नाशवंत मालाला आधी जागा द्यावी लागते, आणि मे महिना म्हणजे आंब्याच्या पेट्यांचा काळ. हे कारण मला समजते आणि आंबा आधी जावा याबद्दल माझी तक्रारही नाही. माझी तक्रार एवढीच आहे की हावड्याच्या किती दुचाकी आधीपासून पडून आहेत हे खिडकीवरच्या कारकुनाला माहीत असते, तरीही पैसे घेताना तो ते सांगत नाही. ते सांगितले असते तर मी आधी घरसामानाबरोबरच्या ट्रकचा पुन्हा विचार केला असता किंवा भावालाच सुट्टी काढून तिकिटावर लगेज करून यायला सांगितले असते.

कोलकात्यात मला रोज कार्यालयात जायला वाहन नव्हते आणि मुंबईत भाऊ रोज खेपा घालत होता. या काळात मला सर्वांत जास्त चीड आली ती विलंबापेक्षा उडवाउडवीची. विलंबाची भरपाई मागणे तर फारच अवघड आहे, कारण उशीर रेल्वेच्या हलगर्जीपणामुळे झालेला नाही किंवा तिच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे तिने दाखवून दिले की कायदा तिला सूट देतो. अखेर मी रेल्वेच्या ‘रेल मदद’ या तक्रार सेवेवर तक्रार नोंदवली. तिच्यात पावतीचा क्रमांक, बुकिंगची तारीख, शेडमधील दुचाकीचे छायाचित्र आणि पैसे मागितल्याची हकीकत असे सगळे नेमके लिहिले, कोठेही आवाज चढवला नाही. १३९ क्रमांकावर फोन करूनही ही तक्रार देता येते, पण लेखी दिली तर छायाचित्रे जोडता येतात आणि माझ्या मते फरक त्या छायाचित्रांनीच पडला. दुसऱ्याच दिवशी पार्सल कार्यालयातील वरिष्ठ पर्यवेक्षकांचा फोन आला. ते अतिशय सौजन्याने बोलले, फाटलेले गोणपाट पुन्हा शिवून घेतो म्हणाले आणि तसे त्यांनी केलेही. त्याच आठवड्यात संकेतस्थळावर माल चढवल्याची नोंद दिसली, तेव्हा मी ती भावाला वाचून दाखवली आणि आम्ही दोघेही फोनवर काही वेळ नुसते हसत होतो.

हावड्याला काहीच अडचण आली नाही. मूळ पावती आणि ओळखपत्र दाखवले, नोंदवहीत सही केली आणि बाहेर नेण्याचा पास मिळाला. दुचाकी पोहोचल्याचे कळताच जावे, कारण ठरलेली मोफत वेळ संपली की वारफेज, म्हणजे माल पडून राहिल्याचे शुल्क, लागते आणि ते तासागणिक वाढत जाते. सही करण्यापूर्वी मी गोणपाट तिथेच उसवून घेतले आणि एक इंडिकेटर तुटल्याचे आढळले, ते लेखी नोंदवूनच ताबा घेतला. मोठे नुकसान असेल तर दाव्याची नोटीस माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते, हे ध्यानात असू द्यावे. टाकी रिकामी असल्यामुळे पंपापर्यंत ढकलत न्यावे लागते, तेव्हा बरोबर एखादा माणूस असलेला बरा.

ना हरकत प्रमाणपत्राबद्दल पुष्कळ लोक घाबरवतात, म्हणून तेही लिहिते. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवायचे असेल तरच तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. माझी बदली तीन वर्षांची आहे म्हणून मी ते काढले. ज्यांना वर्षाच्या आत परतायचे आहे त्यांना त्याची गरज नाही. विमा देशभर चालतो, फक्त नवा पत्ता विमा कंपनीला कळवावा.

दुचाकी हाती आल्यानंतर मी त्या विभागाच्या वाणिज्य अधिकाऱ्यांना एक पत्र पाठवले आहे. बुकिंगच्या खिडकीवर रोज सकाळी एक फलक लावावा आणि कोणत्या स्थानकाची किती पार्सले शिल्लक आहेत ते त्यावर लिहावे, एवढीच मागणी मी केली आहे. त्यासाठी खडू आणि फळा याहून जास्त काही लागत नाही. पत्राची पोच आली आहे, उत्तर अजून आलेले नाही, आणि ते येईपर्यंत मी स्मरणपत्रे पाठवत राहणार आहे.